पन्नाशीच्या आसपास सायकलने लांबचा पल्ला : गोव्याहून पंढरपूरला जाण्याची तयारी

पंचेचाळीस-पन्नाशीच्या वयात सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले की एका दिवसात किती किलोमीटर जमतील, हा विचार सर्वांत आधी मनात येतो. तयारीचा हिशेब मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून मांडावा. थोडीफार सवय असलेला माणूस एखाद्या रविवारी ऐंशी किलोमीटर रेटून नेऊ शकतो. सोमवारी पहाटे पुन्हा त्याच सीटवर बसून तेवढेच अंतर कापायची वेळ आली की गुडघे, मनगटे, बैठकीची जागा आणि आदल्या रात्रीची झोप या सगळ्यांचा कस लागतो. वयाबरोबर अंगातली ताकद हळूहळू उतरते, आणि थकवा भरून निघायला लागणारा वेळही जाणवण्याइतका वाढतो. पाच-सहा दिवसांचा प्रवास या भरून निघण्यावरच तोललेला असतो, म्हणून पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच कसोटीवर घासून पाहिलेली आहे.

उदाहरणासाठी पणजी ते पंढरपूर हा प्रवास घेऊ. साखळी, केरी, चोर्ला घाट, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज असे जाणारा हा रस्ता साधारण ४०० किलोमीटरांचा होतो आणि तो सहा दिवसांत करावा असे मला वाटते. आषाढी भर पावसात येते. कार्तिकी एकादशी पाऊस सरल्यावर, हवा निवळल्यावर येते, त्यामुळे सायकलसाठी कार्तिकीचा मुहूर्त अधिक सोयीचा आहे. जूनमध्ये सुरुवात केली तर तयारीला पाच महिने मिळतात, आणि अजिबात सवय नसलेल्या माणसालाही ते पुरेसे आहेत. ज्यांना पंढरपूरऐवजी तेरेखोल ओलांडून रेडी, वेंगुर्ले, मालवण अशा किनारी रस्त्याने जायचे असेल, त्यांनाही हीच तयारी लागू पडते. फक्त एका मोठ्या घाटाऐवजी त्यांना दिवसभरात अनेक लहान, पण उभ्या चढणी लागतील.

डॉक्टरांची भेट सायकल विकत घेण्यापूर्वी घ्यावी. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि ईसीजी या तपासण्या बहुतेकांना लागतील, आणि शाकाहारी माणसाने बी-१२ सुद्धा पाहून घ्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, धूम्रपानाची सवय असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा कित्येक वर्षे व्यायामच झालेला नसेल, तर ट्रेडमिलवरची चाचणी करावी का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. चालू औषधांची चौकशी तितकीच महत्त्वाची आहे. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातली गोळी नाडीचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून श्रम मोजणाऱ्याची फसगत होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातले पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना चार तास सायकल चालवली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवसांत ती किती आणि केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी वेदना, नेहमीच्या चढावर एकाएकी लागलेली धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर तिथेच उतरून बसावे आणि १०८ किंवा ११२ वर फोन करावा. आपल्याकडे अशा दुखण्याला पित्त म्हणून सोडा पिऊन पुढे जाण्याची सवय आहे; ती या वयात जिवावर बेतू शकते, म्हणून सोबत्यांनाही ही लक्षणे आधीच सांगून ठेवावीत.

सायकल कोणती घ्यावी, यावर लोक महिनोन्‌महिने चर्चा करतात आणि ती आपल्या अंगाला बसवून घेण्यासाठी अर्धा तासही देत नाहीत. महागड्या कार्बन फ्रेमची या प्रवासाला गरज नाही. दणकट स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड अथवा टूरिंग सायकल, ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मागे कॅरिअर बसवण्याची सोय, एवढे पुरे. एका बाबतीत मात्र तडजोड करू नये, ती म्हणजे सर्वांत हलका गिअर. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दातांइतके किंवा त्यांच्याहून कमी असले पाहिजेत. पुढे ३४ आणि मागे ३४ असतील तर रिकामी सायकल घाट चढते. सामान लादायचे असेल तर पुढे ३० किंवा त्याहून कमी असावेत. जड गिअरवर रेटत चढण्याचा दाब थेट गुडघ्याच्या वाटीवर येतो, आणि तिथले दुखणे एकदा सुरू झाले की चार दिवसांत जात नाही.

सीटची उंची अशी ठरवावी. भिंतीला हात टेकून सायकलवर बसावे, एक पॅडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. त्या वेळी गुडघा नुकता सरळ झाला पाहिजे. मग तळव्याचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक येतो. मापाने करायचे असेल तर अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे पॅडलचे दोन्ही दांडे फ्रेममधल्या ज्या आसाला जोडलेले असतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. दोन्ही पद्धती सुरुवात करून देतात, अंतिम निर्णय गुडघा देतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला लवणीत दुखत असेल तर ती वर आहे. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच फरक करावा आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय पुन्हा पाना हातात घेऊ नये. योग्य उंची सापडली की सीटच्या दांड्यावर, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथे, इलेक्ट्रिशियनच्या काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. रेल्वेत चढवताना किंवा दुरुस्तीत सीट खाली केली तरी तीच उंची क्षणात परत मिळते.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे ही या वयातली नेहमीची तक्रार आहे. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली गेल्याने ते होते. हँडल थोडे वर आणावे, दर काही मिनिटांनी पकड बदलावी, कोपर सैल ठेवावे. बैठकीच्या जागी बधिरपणा येणे अधिक गंभीर समजावे. मऊ आणि रुंद सीट घेतल्याने तो जाईलच असे नाही. उलट फार मऊ सीटमध्ये बसायची हाडे रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. मधोमध खाच असलेली, आपल्या हाडांच्या अंतराला बेताची सीट निवडावी आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभे राहावे. पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याच्या शिवणीच त्वचा सोलवटून काढतात. दोन शॉर्ट्स आलटून-पालटून, रोज धुऊन आणि पूर्ण वाळवून वापराव्यात.

आता सरावाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पहिले दोन महिने ध्येय एवढेच असावे. जून-जुलैच्या पावसात रस्त्यावर जावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. सकाळी पाऊस उघडला की पणजीच्या बाजूने रायबंदरपर्यंतचा सपाट रस्ता किंवा फेरीबोटीने दिवाडीला जाऊन बेटावरची फेरी, हे सुरक्षित पर्याय आहेत. पावसाळ्यात रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा धरतात, म्हणून उतारावर ते आधीपासून हलके टेकवत राहावे. तांबड्या मातीचा राडा चेनला फार लवकर झिजवतो. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे, नाहीतर खारट हवेत दोन दिवसांत गंज दिसू लागतो.

वेग किती ठेवावा, याला एकच सोपी चाचणी आहे. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. आठवड्यातला बहुतेक सराव याच गतीने व्हावा; फक्त एक दिवस चढणींसाठी ठेवावा. पणजीकरांना आल्तिनो, बेतीकडून पर्वरीची चढण, फोंड्याच्या बाजूला फर्मागुडी अशा जागा हाताशीच आहेत. चढणीवर पाय जड पडू देऊ नयेत. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजून चारने गुणावे. सपाटीवर ८० च्या आसपास आणि चढावर ६० च्या वर आकडा येत असेल तर गिअर ठीक आहे. आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्याला, पन्नाशी ओलांडलेल्यांनी दर तिसऱ्या आठवड्याला, ते जवळजवळ निम्म्यावर आणावे. हा सैल आठवडा चुकवण्याचा मोह फार होतो, कारण त्या वेळी आपण नुकतेच रंगात आलेले असतो. पण स्नायू बांधले जातात ते विश्रांतीतच.

ताकदीच्या व्यायामाकडे सायकलवाले हमखास दुर्लक्ष करतात. तिशीनंतर स्नायूंचे वजन दर दशकात काही टक्क्यांनी घटते आणि सायकलिंगमध्ये हाडांवर स्वतःच्या वजनाचा भार पडत नसल्याने केवळ सायकल चालवून हाडे मजबूत होत नाहीत. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या किंवा ती ओलांडलेल्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, बैठका, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणे, प्लँक आणि पाठीवर पिशवी घेऊन जिने चढणे एवढे नेटाने केले, तरी पाठ आणि मान प्रवासात साथ देतात. सोबत आहारात डाळी, अंडी, मासळी, दही यांचे प्रमाण वाढवावे. सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत, आणि नुसत्या भात-आमटीवर ती मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे.

ऑगस्ट-सप्टेंबरात चतुर्थी येते. त्या आठवड्यात सराव होणार नाही हे आधीच गृहीत धरावे आणि नंतर भरपाई म्हणून दुप्पट सायकल चालवू नये. खरा कसोटीचा काळ चतुर्थीनंतर सुरू होतो, कारण आता लागोपाठच्या दोन दिवसांचा सराव करायचा असतो. शनिवारी ४० आणि रविवारी ४० पासून सुरुवात करून, प्रवासाच्या तीन आठवडे आधी शनिवारी ८० आणि रविवारी ६० किलोमीटर, तेही प्रत्यक्ष सामान लादून, इथपर्यंत पोहोचावे. याहून जास्त अंतर आधी करण्याची गरज नाही. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, तिथून मये, डिचोली, साखळी आणि केरी हा रस्ता या सरावाला उत्तम आहे. महामार्गाची गर्दी टळते आणि प्रवासातला पहिला दिवस ओळखीचा होतो. डिचोलीच्या परिसरात खनिजाचे ट्रक चालू असतील तेव्हा कडेच्या धुळीत चाक घसरते, एवढी काळजी घ्यावी. रविवारच्या फेरीनंतर सोमवारी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजावी. सलग दोन दिवस ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त राहिली, झोप तुटक लागली किंवा कारण नसताना चिडचिड झाली, तर तो पूर्ण दिवस विश्रांतीचा. ज्यांना आपली तयारी बाहेरच्या मापाने तपासून घ्यायची असेल त्यांच्यासाठी ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांबच्या सायकलफेऱ्या असतात, त्यांत २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास मिळतात; पण या प्रवासासाठी ती पायरी आवश्यक नाही.

खाण्यापिण्याचा सराव सुद्धा सायकलवरच करावा लागतो. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. घाट चढून बेळगावच्या कोरड्या हवेत गेल्यावर घाम लगेच उडून जातो आणि तहान लागल्याचे कळतच नाही. दोन्हीकडे तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, घोट-घोट घेत जावे. नुसतेच पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातले मीठ पातळ होते, म्हणून एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेले कोकम सरबतही चालते. मधुमेहींनी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तासाभरापेक्षा अधिक चालवायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत, म्हणजे एक-दोन केळी. जत्रेतले खाजे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर हे खिशातले उत्तम खाणे आहे. सकाळी निघण्यापूर्वी नाचणीची आंबील किंवा पेज पचायला हलकी पडते, पोई-भाजी पहिल्या थांब्यासाठी ठेवावी. मुक्कामाला पोहोचल्यावर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत काहीतरी प्रथिनयुक्त खाऊन घ्यावे आणि जेवणाची वाट पाहत उपाशी बसू नये. मद्य त्या सहा दिवसांत पूर्ण वर्ज्य करावे, कारण त्याने झोप उथळ होते आणि पाणी कमी होते.

सामान आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ देऊ नये आणि पाठीवर काहीही घेऊ नये. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या दोन पॅनिअर पिशव्यांत कपड्यांचे दोन जोड, औषधे, डॉक्टरांनी लिहिलेला कागद, पावसाचे पातळ जॅकेट आणि हत्यारे, एवढेच. हत्यारांत दोन ट्यूब, पंक्चरची पेटी, टायर लिव्हर, पंप, मल्टी-टूल, चेनची एक जोडकडी आणि ब्रेक पॅडची एक जोडी असावी. जवळचे वाचायला चष्मा लागतो, त्यांनी एक जादा चष्मा हत्यारांच्याच पिशवीत ठेवावा. टायरमध्ये रुतलेला बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही; टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की जिथे त्याचे तंतू अडकतात तिथे काटा असतो, पण त्याचे टोक चिमट्यात पकडायला नजर लागतेच. तो न काढता नवी ट्यूब घातली तर तीही दहा मिनिटांत बसते. पंक्चर काढणे आणि मागचे चाक बसवणे हे घरी अंगणात अनेकदा करून पाहावे. निघण्यापूर्वी चेनच्या बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) फूटपट्टीने मोजाव्यात. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात, एक-सोळांश इंच वाढ दिसली तर चेन बदलून टाकावी.

घरच्यांशी बोलणे हाही तयारीचाच भाग आहे. या वयात घरी म्हातारे आईवडील असतात, मुलांच्या परीक्षा असतात, रजा मोजून मिळते. आपल्या अनुपस्थितीत कोणती कामे कोण करील, हे महिनाभर आधी ठरवावे, आणि रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी फोन करण्याचा शब्द देऊन तो पाळावा.

टप्पे आखताना पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवावा. पणजीहून केरीपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर जाऊन दुपारीच मुक्काम करावा आणि घाट दुसऱ्या दिवशी उजाडताच चढायला घ्यावा. अंजुणे धरणाच्या बाजूने रस्ता वर चढू लागतो तेव्हा ऊन कोवळे असते, झाडांची सावली असते आणि वाहने तुरळक असतात. हाच चढ सकाळी दहानंतर दुप्पट वाटतो. दमल्यावर उतरून सायकल ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही, त्याने गुडघ्यांना विश्रांतीच मिळते. कणकुंबी, जांबोटीमार्गे त्या दिवशी बेळगाव येते. तिसऱ्या दिवशी निपाणी, चौथ्या दिवशी कोल्हापूरवरून मिरज आणि मिरज ते पंढरपूर हे अंतर सांगोल्याला मुक्काम करून दोन दिवसांत, असे केले की कोणताही दिवस शंभर किलोमीटरांच्या फार पुढे जात नाही. बेळगाव ते कोल्हापूर हा महामार्ग आहे. तिथे शक्य तेवढा सेवा रस्ता धरावा, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, प्रकाश परावर्तित करणारे जॅकेट आणि हेल्मेट सतत अंगावर असावे, आणि अंधार पडल्यावर सायकल चालवूच नये. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याऐवजी उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी. बहुतेक वेळा ती तिथेच थांबतात.

शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्याहून कमी करावा, नवी सीट, नवे बूट किंवा नवे कपडे वापरायला काढू नयेत आणि रात्री लवकर झोपण्याची सवय लावावी. पंढरपुरात कार्तिकीच्या दिवसांत राहण्याची जागा ऐन वेळी मिळत नाही, ती आणि परतीचे तिकीट दोन्ही आधीच करून ठेवावे. परतताना सायकल रेल्वेने आणायची असेल तर पंढरपूरहून मिरजेला येऊन तिथून गोव्याची गाडी धरणे सोपे पडते, कारण मोठ्या स्थानकावर पार्सल कार्यालय असते आणि सायकल लगेज डब्यात चढवण्याइतका वेळ गाडी थांबते. गाडी सुटण्याच्या किमान दोन तास आधी पोहोचावे, हँडल आडवे फिरवून पॅडल काढून घ्यावेत, मागचा गिअर पुठ्ठ्याने गुंडाळावा, नाव, फोन क्रमांक आणि उतरण्याचे स्थानक लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी बांधावी, आणि पार्सलची पावती तिकिटाबरोबरच खिशात ठेवावी. मडगावला ती दाखवल्याशिवाय सायकल ताब्यात मिळत नाही.